बाटलीतला पांढरा साका

1959 साली ‘नेचर’मध्ये कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्टू या चौघांचा छोटा लेख आला. अरबी समुद्रातला, प्राणवायू अगदी कमी असलेला थर मुंबईसमोरच्या उतारावरून किनाऱ्याकडे चढतो आणि त्याचा फटका मासेमारीला बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी कार्ल बान्झे यांनी कोचीसमोर हे पाणी आणि ट्रॉलरची घटती मासळी यांचा संबंध मांडला. त्याही आधी, 1933-34 मध्ये, ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरच्या मंडळींना अरबी समुद्राच्या मधल्या खोलीवर जवळपास निर्जीव तळ सापडला होता. दुखणं जुनं आहे. समुद्र तापल्याची चर्चा करताना हे आधी सांगायलाच हवं.

मी गोव्यात नोकरीभर समुद्राचं पाणी तपासलं. पद्धत विंकलरची, 1888 सालची. बुडबुडा शिरू न देता बाटली भरायची, त्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइडयुक्त अल्कली सोडायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. सप्टेंबरात कांदोळीसमोर, सुमारे 27 मीटर खोलीवरून आणलेल्या पाण्यात तो पांढराशुभ्र बसायचा. कधी बूच काढताच कुजलेल्या अंड्यांचा वास यायचा. पृष्ठभागाची त्याच दिवशीची बाटली मात्र गडद तपकिरी.

असं का होतं? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं थंड, प्राणवायूला पारखं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं, गोडं पाणी झाकणासारखं पसरतं. वरचा प्राणवायू खाली उतरत नाही आणि खाली मेलेलं प्लवक कुजवताना जिवाणू उरलासुरलाही संपवतात. समुद्र तापला की हे झाकण आणखी घट्ट बसतं. शिवाय ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 7.4 मिलिग्रॅम, 30 अंशांना 6.2. जगातल्या महासागरांनी 1960 ते 2010 या काळात 2 टक्क्यांहून अधिक प्राणवायू गमावला. तरी आपल्या किनाऱ्याचा सगळा दोष तापमानावर ढकलणं मला पटत नाही. शेतांतून वाहून येणाऱ्या नत्रखताकडे नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 सालीच बोट दाखवलं आहे.

पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी बांधव दर्यात उतरतात, आणि तळाचं पाणी गुदमरतं ते नेमकं त्यानंतर, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. तळाची मासळी तेव्हा जीव वाचवायला उथळात पळते. तिथे जाळं भरून येतं. त्या भरल्या जाळ्यावरून दर्याची बरकत मोजणं ही घातक चूक आहे.

कांदोळीसमोरची नोंद 1997 पासून सुरू आहे. माझी मागणी एवढीच, की प्रत्येक बंदरात मासळीच्या वजनाशेजारी तळाच्या पाण्यातला प्राणवायूही लिहिला जावा. त्याला मोठं जहाज लागत नाही. बाटली, थोडी रसायनं, ब्युरेट आणि शिकलेला एक हात पुरतो. मच्छीमार सोसायट्यांनी हे सरकारकडे आग्रहाने मागावं.