हनिमाधू ते गन : अंतर किती, विमानाला वेळ किती आणि सफरीतली नमाज

मालदीवला जाणारी आपल्याकडची बहुतेक कुटुंबे मालेपर्यंतच जातात. पण या मुस्लिम देशाची लांबी समजून घ्यायची, तर त्याच्या दोन टोकांची विमानतळे बघावी लागतात: उत्तरेला हनिमाधू आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला अड्डूमधले गन. गनची धावपट्टी मूळची ब्रिटिशांची. 1976 पर्यंत तिथे त्यांच्या हवाई दलाचा तळ होता.

अंतर

दोन्ही विमानतळे जवळपास एकाच रेखांशावर, म्हणजे सरळ उत्तर-दक्षिण आहेत. हवाई अंतर सुमारे 820 किलोमीटर. नेहमीचा मार्ग मालेवरून जातो. हनिमाधू-माले सुमारे 285 आणि माले-गन सुमारे 540 किलोमीटर. माले वाटेतच असल्याने वळसा जेमतेम पाच-सात किलोमीटरचा पडतो.

वेळ

या मार्गांवर पंख्याची छोटी विमाने चालतात. ताशी साधारण 500 किलोमीटरचा वेग धरला, तर सरळ उड्डाणाला उतरण्या-चढण्यासह दोन तासांच्या आत-बाहेर लागतील. मालेवरून गेल्यास पहिला टप्पा पाऊण-एक तासाचा, दुसरा सव्वा ते दीड तासाचा. खरा वेळ जातो तो मालेच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघण्यात. म्हणून दोन तासांचाच तर प्रवास आहे, असं समजून बेत आखू नका. दोन्ही टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वयस्कर माणसे किंवा पेशंट सोबत असेल, तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. मुंबईचे परतीचे विमान त्याच दिवशी नको.

नमाजेचे काय?

विमानात दोन तास बसलो काय नि वीस तास, कसरचा हिशेब वेळेवर नाही, अंतरावर होतो. ही मर्यादा साधारण 80 किलोमीटरच्या आसपास धरतात, म्हणजे हा प्रवास नक्कीच सफर ठरतो. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक मुक्कामाची नियत असेल, तर पूर्ण नमाज पढतात. कोकणातले आपले बरेच लोक शाफई आहेत. त्यांच्याकडे ही मर्यादा येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची आहे, आणि सफरीत दोन नमाजा एकत्र पढण्याचीही सवलत आहे. आपल्या मसलकाप्रमाणे निघण्याआधी मौलानांना विचारून घ्यावे.

रेखांश एकच असल्याने जोहरची वेळ दोन्ही टोकांना जवळजवळ सारखीच येते. मालदीवचे घड्याळ मात्र भारताच्या अर्धा तास मागे आहे. मुंबईत किब्ला जवळपास पश्चिमेला, सुमारे 280 अंशांवर. हनिमाधूत तो 298 आणि गनमध्ये 306 अंशांच्या आसपास, म्हणजे वायव्येला. घरच्या सवयीने पश्चिमेकडे तोंड करून उभे राहू नका. आधी होकायंत्र बघा किंवा जवळच्या मशिदीत विचारा.

थोडक्यात, तिकीट काढताना मालेतला थांबा मोजा आणि नमाजेसाठी अंतर मोजा. दोन्ही हिशेब घरून करून निघालात, तर सफर इन्शाअल्लाह सुखाची होईल.