जुन्या गाडीची शेड का लागत नाही? जवस, कापूस आणि वर्ध्याचे ऊन

#थ्रेड

मडगार्डला पोचा आलेली जुनी गाडी गॅरेजमध्ये येते. पत्रा ठोकून सरळ होतो, पुट्टी भरली जाते, वॉटर पेपर फिरतो. मग कंपनीच्या मूळ शेड क्रमांकानुसार, तंतोतंत त्याच सूत्राने तयार केलेला रंग मारला जातो आणि नेमका तेवढाच भाग उठून दिसू लागतो. यात दोष नव्या रंगाचा नसतो. डब्यातला रंग गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा आहे. गाडी मात्र त्या दिवशीची राहिलेली नाही.

एमएच ३२ पाटीच्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण येथील मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. मात्र या जिल्ह्याचा गाडीच्या रंगाशी संबंध केवळ उन्हापुरता नाही. मोटारीवरचा रंग ज्या दोन वनस्पतींच्या आधारे घडला, त्या दोन्ही येथील काळ्या जमिनीत पिढ्यानुपिढ्या पिकत आल्या आहेत. एक जवस आणि दुसरा कापूस.

रंग म्हणून जे दिसते, ते मुळात दोन गोष्टींचे मिश्रण असते. रंगाची बारीक पूड, म्हणजे रंगद्रव्य, आणि ती पूड पत्र्याला धरून ठेवणारा बंधक. रंग विटतो तेव्हा या दोहोंपैकी कोण थकले आहे, हे ओळखणे ही शेड जुळवण्याची पहिली पायरी असते. बंधक प्रत्येक काळात वेगळा होता आणि प्रत्येकाची म्हातारपणाची रीत वेगळी होती.

सर्वांत जुना बंधक जवसाचे तेल. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. बहुतेक खाद्यतेले असे वाळत नाहीत, म्हणूनच चित्रकारांपासून जहाजबांधणीपर्यंत सर्वांना जवस हवा होता. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाचा जवस ब्रिटनला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी जवसाची मागणी वाढली. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवले गेले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. विदर्भातील जवसाला आणि कापसाला मुंबई बंदराची वाट मिळाली ती याच काळात.

पहिल्या मोटारी रंगवल्या गेल्या त्या घोडागाड्यांच्या पद्धतीने. तेलरंगाचे आणि वॉर्निशचे थरावर थर, प्रत्येक थर वाळण्याची प्रतीक्षा, मधूनमधून प्यूमिस दगडाच्या पुडीने घासणे. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. फोर्डच्या मॉडेल टीला १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळा रंग मिळे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. डांबरी घटकांचा तो काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊही होता. लोकप्रिय कथांमध्ये त्याचे सारे श्रेय फोर्डच्या हट्टाला दिले जाते, हे थोडे अन्यायाचे वाटते.

जवसाच्या पापुद्र्याची एक खोड मात्र रंगाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होती. तो कालांतराने पिवळा पडतो. त्यामुळे पांढरा रंग सायीसारखा दिसू लागतो आणि निळा हिरवट होतो. त्याहून विलक्षण बाब अशी की हा पिवळेपणा उन्हापेक्षा अंधारात अधिक वाढतो, उजेड त्याला उलट फिका करतो. झाकून, सांभाळून, शेडमध्ये ठेवलेली गाडीही म्हणूनच मूळ रंगाची राहतेच असे नाही.

दुसरी वनस्पती कापूस. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतो. पहिल्या महायुद्धात तो स्फोटक म्हणून प्रचंड प्रमाणात तयार झाला. युद्ध संपले आणि एवढ्या उत्पादनक्षमतेचे करायचे काय, असा प्रश्न अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीपुढे उभा राहिला. त्याचे एक उत्तर चित्रपटाच्या फिती हे होते आणि दुसरे मोटारीचा रंग. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू या उद्योगाचा कच्चा माल ठरले. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाडीचे १९२४ चे मॉडेल या नव्या लॅकरच्या निळ्या रंगात बाजारात आणले. लॅकरचे नाव होते ड्युको.

आठवड्यांचे काम काही दिवसांवर आले आणि काळ्याखेरीज अन्य रंगही परवडू लागले. ड्युको हे एका कंपनीचे व्यापारी नाव आपल्याकडे इतके रुळले की आजही सुतार आणि गॅरेजवाले गनने मारलेल्या गुळगुळीत रंगाला सरसकट ‘ड्युको’च म्हणतात. ती गनसुद्धा मूळची वैद्यकातली. ओहायोतील डॉक्टर डीव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी उपकरण बनवले होते. त्यांच्या मुलाने पुढे त्याच तत्त्वावर रंगाची गन घडवली.

हिंगणघाटचा बनी कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. तो कापूस कापडासाठी होता, ड्युकोशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही ज्या तंतूसाठी हा जिल्हा जगाला ठाऊक झाला, त्याच तंतूची एक रासायनिक भावंड पुढे मोटारीच्या पत्र्यावर चढली, हे इतिहासाच्या वाचकाने नोंदवून ठेवावे असे आहे.

दुरुस्तीच्या दृष्टीने ड्युकोचा एक मोठा गुण होता. वाळलेला लॅकर त्याच्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. त्यामुळे नव्या फवाऱ्याची कड जुन्या थरात मुरत असे आणि जोड लपत असे. त्याची किंमतही होती. हा थर लवकर ठिसूळ होई, तडकत असे आणि वारंवार पॉलिश मागत असे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अल्किड राळ आली आणि तिच्या रूपाने जवस मागच्या दाराने परतला, कारण अल्किडमध्ये वाळणारे तेल रासायनिक रीतीने गुंफलेले असते. गावोगावच्या गॅरेजमधले ‘एनॅमल’ ते हेच. ते एकदा वाळले की थिनरमध्ये नीट विरघळत नाही. येथून जोड लपवणे अवघड झाले. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले आणि त्यातून पुढे हार्डनर मिसळून वापरायचे टू-पॅक रंग निघाले. ते उन्हाला चिवट असतात, पण त्यांच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे जाऊन कायमचा दमा जडवू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. ग्राहकाची गाडी चकाकते त्याचा हिशेब रंगाऱ्याच्या फुप्फुसांत मांडला जातो, आणि या व्यवसायाच्या इतिहासात ही बाजू क्वचितच लिहिली जाते.

रंगद्रव्यांचेही असेच वेगवेगळे स्वभाव आहेत. अनेक सेंद्रिय लाल रंगद्रव्ये अतिनील किरणांनी तुटतात, म्हणून लाल गाडी गुलाबी होते. शिसेयुक्त क्रोम यलो फिका पडण्याऐवजी काळवंडतो. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. त्याच्या अ‍ॅनाटेज प्रकाराने भोवतालचा बंधक उन्हात झिजतो आणि हाताला खडूसारखी पूड लागते. रुटाइल प्रकारात हा त्रास पुष्कळ कमी होतो.

शिवाय गाडी सर्वत्र सारखी विटत नाही. छत आणि बोनेट माथ्यावरचे ऊन खातात. वर्धा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.७ अंशांवर असल्याने वर्षातील बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नेहमी एकाच दिशेला तोंड करून उभी राहणारी गाडी दक्षिणेच्या अंगाला अधिक उतरते. एकाच गाडीवर एकाच रंगाची चार वये असतात. तेव्हा ‘गाडीचा रंग कोणता’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या भागाचा, हे विचारावे लागते.

कसलेला रंगारी म्हणून आधी रंग कालवत नाही. तो पोच्याच्या शेजारचा भाग रबिंग कंपाउंडने घासतो. पूड निघून खालचा रंग गडद झाला, तर बंधक झिजला होता आणि रंगद्रव्य शाबूत आहे, असे समजते. घासूनही फिकाच राहिला, तर रंगद्रव्य मेले आहे. पहिल्या स्थितीत संपूर्ण गाडी पॉलिश केली की मूळ सूत्राच्या जवळ जाता येते. दुसऱ्या स्थितीत मूळ सूत्र निरुपयोगी ठरते आणि विटलेला रंगच नव्याने घडवावा लागतो. थोडा पांढरा, पिवळेपणासाठी किंचित गेरू, झळाळी मारण्यासाठी काळ्याचा थेंब. ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वाळवून, दारापाशी उन्हात धरून पाहावे लागते. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन शेड उन्हात वेगळ्या निघतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये निराळी असून केवळ एका उजेडात डोळ्याला सारखी भासतात.

या कौशल्याला सूत्रात बसवण्याचे प्रयत्न जुने आहेत. अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगाची छटा, उजळपणा आणि तीव्रता अशी तीन मापे मांडली. १९३१ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे. त्या वर्षी रंगमापनाची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली आणि त्याच वर्षी कुबेल्का व मुंक यांनी रंगाच्या थरात प्रकाश किती शोषला जातो व किती विखुरतो याचे समीकरण दिले. संगणकाने शेड काढण्याची पद्धत त्यावर उभी आहे. यंत्र मात्र जेथे टेकवले त्या नाण्याएवढ्या जागेचे खरे सांगते. शेजारच्या दाराबद्दल ते काही बोलत नाही.

शेवटची युक्ती रंगाची नसून डोळ्याची आहे. दोन किंचित भिन्न रंग एका रेषेवर भिडले की फरक लगेच जाणवतो, तोच फरक हातभर अंतरात विरत गेला तर जाणवत नाही. म्हणून नवा रंग पोच्यापुरता न थांबवता शेजारच्या पत्र्यावर पातळ करत नेतात.

कलाकृतींच्या संवर्धनात नेमके उलटे मानतात. इटलीचे चेझारे ब्रांदी यांच्या मते दुरुस्ती दुरून एकजीव दिसावी, पण जवळून ओळखू यावी. त्यासाठी भित्तिचित्रांतील गळलेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरतात. ऐतिहासिक वाहनांसाठी २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनदही काळाच्या खुणा राखण्याच्या बाजूची आहे. भारतात १५ जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील आणि मोठे फेरबदल न झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज वाहन म्हणून वेगळी नोंदणी दिली.

अशा गाडीच्या मालकाला ‘शेड लागत नाही, पूर्ण गाडीच मारून घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. रंगाऱ्यासाठी ते सोपे असते आणि मालकाला गाडी नवी दिसते. पण घासला गेलेला कारखान्यातला थर परत येत नाही, आणि कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांचे उत्पादनच थांबलेले असल्याने तो थर अन्यत्र मिळण्याची शक्यता दरवर्षी कमी होते. मुंबईत तर तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

पूर्ण गाडी रंगवणे अटळच असेल, तर जाणकार रंगारी काही जागा सोडून देतात. पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू, दाराच्या रबरी पट्टीखालची बोटभर कड, डिकीतील स्टेपनीमागचा पत्रा. तेथे ऊन कधी पोहोचलेले नसते. पुढच्या वेळी शेड काढायला कोणी आले, की पहिले झाकण पेट्रोलच्या टाकीचे उघडले जाते.