विद्येची भाषा : १८४७ सालचा एक वाद

पंचवटीत रामकुंडाच्या काठी घटकाभर उभे राहावे, म्हणजे भाषेच्या प्रश्नाचे एक साधे उत्तर कानी पडते. यात्रेकरू गुजरातेतला असो की तेलंगणातला, तीर्थोपाध्याय त्याचे गाव व कूळ त्याच्या भाषेत विचारून घेतात. ज्यास सांगावयाचे त्यास कळेल असे सांगावे, हा व्यवहार घाटावर कोणास शिकवावा लागत नाही. तोच प्रश्न शाळेच्या दारी आला, म्हणजे मात्र विद्वानांतही दोन तट पडतात. आपल्याकडील असा एक मोठा वाद १८४७ साली मुंबईस झाला.

मुंबई इलाख्यातील शिक्षण १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे असे की, पैसा थोडा आहे, तो वरच्या थरातील थोड्यांच्या इंग्रजी शिक्षणावर खर्चावा. त्यांच्याकडून ज्ञान खाली झिरपेल. याच्या विरुद्ध उभे राहिले कर्नल जॉर्ज जर्व्हिस. हे स्वतः इंग्रज. परंतु एतद्देशीयांच्या साह्याने त्यांनी पूर्वीच गणिताचे ग्रंथ मराठीत आणिले होते. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहीम मकबा हे तिन्ही एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूस होते. नाना शंकरशेट इंग्रजीचे वैरी नव्हते. इंग्रजी अवश्य शिकावी, परंतु बहुजनांपर्यंत विद्या न्यावयाची तर ती देशभाषेतूनच गेली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

योगायोग असा की, त्याच १८४७ साली वेल्समधील शाळांविषयी सरकारी अहवाल निघाला व त्यात वेल्श भाषा ही लोकांच्या उन्नतीस अडथळा ठरविली गेली. ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने तो तेथे आजही आठवला जातो. पुढे १८७२ च्या सुमारास जपानी मुत्सद्दी मोरी आरिनोरी याने स्वदेशासाठी इंग्रजी स्वीकारण्याचा विचार मांडिला. त्याने अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी यांचे मत विचारिले. त्यांनी त्यास परावृत्तच केले. जपानने पाश्चात्य शास्त्रे जपानीत आणिली.

आपल्याकडे उलट झाले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठी हा विषयही गेला. तो परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांस उतारवयापर्यंत झटावे लागले.

मराठीत ग्रंथ नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. परंतु १८२६ साली मुंबईत निघालेल्या वैद्यकशाळेत डॉ. मॅक्लेनन मराठीतून वैद्यक शिकवीत व त्यासाठी ग्रंथ तयार करीत. ती शाळा १८३२ साली बंद झाली. काम काढून घेतले म्हणजे भाषा अडाणी राहते. आणि मग अडाणी म्हणून तिला काम मिळत नाही.

२०२५ च्या जून महिन्यात महाराष्ट्र सरकारने पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेविषयीचे आपले दोन्ही निर्णय मागे घेतले. मुलाने किती भाषा शिकाव्या, यावर तेव्हा पुष्कळ बोलणे झाले. त्याला विषय कोणत्या भाषेत समजतो, हा नानांचा प्रश्न मात्र बाजूसच राहिला. माझे सारे अध्यापन इंग्रजीत झाले. आज वर्गात काय शिकविलेस, असे वृद्ध आई विचारी, तेव्हा दोन वाक्यांनंतर मी अडखळत असे. तो दोष मराठीचा, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो; तो माझा होता.