खाली जाळ, वर निखारे : भांडुपच्या घरगुती भट्टीचा पूर्वेतिहास

सरकारी दफ्तरांत भांडुपचे नाव ठळकपणे येते ते एका दारूच्या कारखान्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कंपनी सरकारच्या अमदानीत, ल्यूक ॲशबर्नर नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या ताब्यातील येथील जमिनीवर रम गाळली जाई आणि ती मुंबईच्या आरमाराला व फौजेला पुरवली जाई. पुढे १८४३ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क हे भांडुपास आले असता मुंबईहून ठाण्याकडे आणि तेथून थळ व बोर घाटांकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांना सुचली, अशी नोंद आहे. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी याच गावाच्या शिवारातून धूर सोडीत ठाण्यास गेली. मक्ता, महसूल आणि रूळ यांचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या लेखणीला गावातील चुलींची दखल घेण्याचे मात्र कारण पडले नाही. म्हणून आज भांडुपच्या चाळींतून आणि नव्या इमारतींतून केक, नानकटाई, खारी बिस्किटे आणि श्रावणात तवसळी करून विकणाऱ्या स्त्रियांच्या व्यवसायाचा पूर्वेतिहास ज्याला शोधायचा आहे, त्याला दफ्तराचा नाद सोडून स्वयंपाकघरात शिरावे लागते.

हा व्यवसाय विजेच्या ओव्हनबरोबर कालपरवा आला, असा सार्वत्रिक समज आहे. तो मला मान्य नाही. मराठी स्वयंपाकघरात बंदिस्त भट्टी नव्हती हे खरे. परंतु पदार्थाला दोन्ही अंगांनी एकसारखी आच देऊन भाजण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती विशेषेकरून कोकणपट्टीच्या दक्षिण भागात, रत्नागिरीपासून मालवण-सावंतवाडीपर्यंत आणि तेथून गोमंतकात, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली आहे. खाली चुलीचा मंद जाळ आणि वर झाकणावर करवंट्यांचे किंवा लाकडाचे निखारे, एवढाच तिचा सरंजाम. गोमंतकातील ख्रिस्ती घरांत नारळाच्या रसाचा बेबिंका थरावर थर देत वरच्या आचेवर भाजला जातो. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरांत भानोळे याच रीतीने खरपूस केले जाई. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या वाचक गृहिणींना ही पद्धत काही नव्याने शिकवावी लागली नसेल.

या विद्येचे सर्वांत निर्मळ उदाहरण म्हणजे तवसळी, जिला काही घरांत धोंडस म्हणतात. पावसाळ्यात परसातील मांडवावर पिकून पिवळे पडलेले मोठे तवसे, म्हणजे काकडी, खिसून त्याचे पाणी जपून ठेवावयाचे. तांदूळ धुऊन, वाळवून, जात्यावर भरडून काढलेला जाडसर रवा कोरडा भाजून घ्यावयाचा. तवशाचा कीस गुळाबरोबर शिजू लागला की त्यात तो रवा, ओले खोबरे, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ घालून मिश्रण आळवावयाचे. आणि मग जाड बुडाच्या पातेल्यात हळदीचे पान पसरून त्यावर ते थापून, झाकणावर निखारे ठेवून, तास दीड तास तसेच सोडावयाचे. यात अंडे नाही, यीस्ट नाही, मैदा नाही. वर तांबूस पापुद्रा धरला, कडा सुटल्या आणि हळदीच्या पानाचा वास ओटीपर्यंत आला की भाजणी झाली असे ठरे. कोणत्याही घड्याळाने वा मापाने ते ठरत नसे. निखारा विझत आला की बदलणे आणि प्रखर झाला की त्यावर राख लोटणे, हे काम घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे असे. सून तिच्याजवळ बसून पाहत असे, आणि असे पाहता पाहता तिचे शिक्षण होत असे.

ही विद्या भांडुपला आली ती चाकरमान्यांच्या संसाराबरोबर. १९५० च्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेची हद्द मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत वाढविण्यात आली. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या, दुतर्फा कारखाने उभे राहू लागले. एशियन पेंट्सचा रंगांचा, सिएटचा टायरांचा, गेस्ट कीन विल्यम्सचा अभियांत्रिकी मालाचा असे मोठे उद्योग येथे आले आणि भातखाचरे व मिठागरे यांचे हे गाव पाहता पाहता कामगारांची वसाहत झाले. टेंभीपाडा, गावदेवी, हनुमान नगर आणि नावानेच आपले मूळ सांगणारे कोकण नगर या डोंगरउताराच्या वस्त्यांतून दक्षिण कोकणातील कुटुंबे स्थिरावली. आरंभी पुरुष एकटे येत आणि खाणावळीत जेवत. बायकामुले आली ती मागाहून.

येथे त्या जुन्या विद्येवर मोठे संकट आले, आणि माझ्या मते या इतिहासातील खरा मर्माचा भाग हाच. दहा बाय बाराच्या खोलीत चूल मांडता येईना. शेगडी होती तोपर्यंत दोनचार निखारे झाकणावर ठेवता येत. परंतु रॉकेलचा स्टोव्ह आला आणि वरची आचच नाहीशी झाली, कारण स्टोव्हला ज्वाळा असते, निखारा नसतो. तवसळी खालून करपे आणि वर ओलसर राही. कित्येक घरांत ती मोदकपात्रात उकडली जाऊ लागली, आणि तिचा मूळ स्वभावच गेला. तथापि या स्त्रियांनी हार मानली नाही. कोणी दुसऱ्या स्टोव्हवर बिडाचा तवा लाल होईपर्यंत तापवून तो झाकणावर ठेवी. कोणी मोठ्या पातेल्यात वाळू पसरून, ती तापवून, त्यात लहान डबा ठेवी. पुढे झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन हप्त्याने घरात आला, तेव्हा त्यात पहिल्यांदा केक झाला असेल की तवसळी, हे घराघराप्रमाणे निराळे असेल. पण त्या यंत्राचे मर्म या बायकांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. वर-खाली आच कशी राखावी हे त्यांना ठाऊकच होते.

दुसरी शाळा म्हणजे बेकरी. दिवाळीपूर्वी आणि मे महिन्याच्या सुटीत मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून पेठेतील बेकरीत न्यावयाचे, तेथे नानकटाई वा बिस्किटे भाजून घ्यावयाची आणि भाजणावळ चुकती करून ती घरी आणावयाची, ही वहिवाट महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत होती. परातीत तूप हाताने फेसून पांढरे व हलके होईपर्यंत दम काढावयाचा, वेलदोडा-जायफळ घालून गोळे वळावयाचे आणि काळ्या पत्र्यावर ओळीने मांडून आपल्या पत्र्याची खूण लक्षात ठेवून रांगेत उभे राहावयाचे. साखर रेशनवर होती त्या काळात हा बेत महिनाभर आधी ठरवावा लागे, आणि साजुक तुपाची जागा वनस्पती तुपाने घेतली तरी त्याचा आनंद उणावला नाही. भट्टीच्या तोंडाशी ताटकळत उभ्या राहिलेल्या गृहिणीने कारागिराचे हात पाहून जे शिकून घेतले, ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नव्हते.

घरची विद्या विकता येते, ही जाणीव येण्यास मात्र निराळी कारणे घडावी लागली. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवार भांडवलावर पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून लिज्जतचा पसारा उभा राहिला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी, ज्या स्वतः गोवा मुक्तिलढ्यातून आल्या होत्या, गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रियांची अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटना बांधली आणि तारणाअभावी सावकाराच्या पाशात असलेल्या या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेची दारे उघडून दिली. हे दोन्ही प्रयोग भांडुपबाहेरचे. तरी स्वयंपाक हे भांडवल असू शकते हा त्यांचा धडा साऱ्या कामगारवस्तीने घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे उपनगरांतील कारखानेही एकामागून एक आक्रसू वा बंद पडू लागले. पगाराची तारीख अनिश्चित झाली तेव्हा फराळाचे डबे, मालवणी मसाला आणि वाढदिवसाचा केक यांच्या मागण्यांवर अनेक घरांचे वाणसामान आणि मुलांच्या शाळेची फी निभावली. पुरुषाच्या पगाराची पावती होती. या मिळकतीची नोंद फार तर दिनदर्शिकेच्या कोऱ्या चौकोनात पेन्सिलीने झालेली.

आताचा काळ परवान्यांचा आहे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला आणि वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकास साध्या नोंदणीची सोय त्याखाली करण्यात आली, त्यामुळे घरात भाजून विकणाऱ्या स्त्रीचे नाव प्रथमच सरकारी दफ्तरात रीतसर दाखल होऊ लागले. हे मी फार महत्त्वाचे मानतो. तरी एक अन्याय अद्याप उरलाच आहे, तो म्हणजे किमतीचा. मैदा, लोणी, खोके आणि वीज यांचा खर्च धरून भाव सांगितला जातो, आणि पहाटे चारला उठून तूप फेसणाऱ्या हातांची मजुरी त्यात बहुधा धरली जात नाही; गिऱ्हाईक तीही मागण्याआधीच घासाघीस करते.

दक्षिण कोकणातून या डोंगरउतारावर आलेली पहिली पिढी आता थकली आहे. ज्यांच्या घरी अशा आजी आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसून तवसळीचे प्रमाण, भाजणावळीचा दर, पहिल्या मागणीची रक्कम आणि पहिल्या ओव्हनचा हप्ता हे सारे तारखेसह लिहून घ्यावे, आणि भांडुपच्या शाळा-महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी त्या वह्या मागवून जपून ठेवाव्यात, ही माझी विनंती आहे.