देवांचं बोलणं, माणसाचं अक्षर: ताओ धर्माचे ग्रंथ लिहिले कुणी?

इसवी सन 364. चीनमध्ये आजच्या नानजिंग शहराजवळ यांग शी नावाचा तिशीतला एक माणूस रात्री कागद-शाई घेऊन बसायचा. आपल्याला स्वर्गातले सिद्ध स्त्री-पुरुष भेटायला येतात आणि ते सांगतात ते आपण लिहून घेतो, असं त्याचं म्हणणं होतं. साधारण 370 पर्यंत हे सुरू राहिलं. यातूनच ताओ धर्माचा 'शांगछिंग' हा महत्त्वाचा पंथ उभा राहिला.

लिहून घ्यायला माणूस कशाला?

सिद्धांची लिपी मर्त्य माणसांसाठी नाही, अशी श्रद्धा होती. त्यामुळे ते बोलणार आणि यांग शी साध्या चिनी लिपीत उतरवणार. त्याची मुख्य गुरू होती वेई ह्वाछुन. ही ताओ धर्मातली एक अधिकारी स्त्री, जी 334 मध्येच वारली होती!

हा मजकूर श्यू मी हा सरकारी अधिकारी आणि त्याचा मुलगा श्यू हुई यांच्यासाठी होता. बापलेक त्याच्या नकला करत आणि त्यानुसार साधना करत. या पंथात मोठमोठ्या सामूहिक विधींपेक्षा एकांतातल्या ध्यानावर भर होता. सूर्य, चंद्र, तारे आणि स्वतःच्या शरीरात राहणारे देव डोळे मिटून पाहायचे. ग्रंथ कुणालाही मिळत नसे. तो घेताना गुरूला भेटवस्तू द्यायच्या आणि गुप्ततेची शपथ घ्यायची, अशी रीत होती.

मग गडबड कुठे झाली?

श्यू पितापुत्रांनंतर हस्तलिखितं घराबाहेर गेली. त्यांना मान होता, त्यामुळे मागणीही होती. काहींनी नकला केल्या, तर काहींनी पदरचा मजकूर घालून 'नवे' ग्रंथच तयार केले. वांग लिंगछी या माणसाचं नाव यात प्रामुख्याने घेतलं जातं. शंभर वर्षांत खरं कोणतं आणि बनावट कोणतं, हे सांगणं अवघड होऊन बसलं.

खरं-खोटं कसं ओळखलं?

इथे येतो ताओ होंगजिंग (456–536). त्याचं 'ताओ' हे आडनाव. धर्माच्या नावाशी त्याचा संबंध नाही, चिनी भाषेत दोन्ही शब्द वेगळे आहेत. 492 मध्ये दरबारी नोकरी सोडून तो माओशान पर्वतावर राहायला गेला. मूळ कागद शोधायचे, अक्षराचं वळण ताडून पाहायचं आणि कोणता तुकडा यांग शीच्या हातचा, कोणता श्यूंच्या, याची नोंद करायची, असं काम त्याने केलं. त्यातून 499 च्या सुमारास 'चनगाओ' हा संग्रह तयार झाला.

हाच माणूस औषधांचाही अभ्यासक होता. 730 औषधांच्या आपल्या ग्रंथात त्याने जुना मूळ मजकूर लाल शाईने, तर नंतरची भर काळ्या शाईने लिहिली. वाचणाऱ्याला फरक दिसलाच पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

ताओ होंगजिंग स्वतः श्रद्धावान होता. सिद्ध आले होते का, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. हे शब्द खरंच यांग शीने लिहिले का, एवढंच त्याला तपासायचं होतं. देवाचं बोलणं खरं असेल तर त्यात एक अक्षरही भलत्याचं नको, म्हणून ही चिकित्सा.

पुढे काय झालं?

1281 मध्ये कुबलाई खानाने 'ताओ ते चिंग' वगळता ताओ धर्माचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम दिला. त्यात बरंच कायमचं गेलं. उरलेलं गोळा करून 1445 मध्ये मिंग राजवटीत 'ताओत्सांग' हा 5,305 खंडिकांचा महासंग्रह छापला गेला. त्याची एक प्रत बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात टिकली आणि तिच्यावरून 1923 ते 1926 दरम्यान शांघायमध्ये पुनर्मुद्रण झालं. 'चनगाओ' आज वाचता येतो तो या संग्रहामुळे.

यांग शीचे मूळ कागद मात्र उरलेले नाहीत. ते कसे होते आणि कुणाच्या अक्षरात होते, हे आपल्याला कळतं ते ताओ होंगजिंगच्या टिपांमधून.