सोलापूरचे आभाळ आणि माणसाचा वाटा

‘हवामान काय, नेहमीच बदलत आले आहे,’ असे म्हणून विषय संपवणाऱ्यांनी भीमेच्या खोऱ्याचा इतिहास जरूर पाहावा. त्यांचे म्हणणे तिथे खरे ठरते, पण विषय मात्र संपत नाही.

भीमेला मिळणाऱ्या घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून तिथली पांढरी उकरली. ख्रिस्तपूर्व १००० पूर्वी तिथे ऐसपैस चौकोनी घरे होती, शेतीला पाणी देण्यासाठी काढलेला पाट होता. नंतरच्या थरांत मात्र लहान, गोल झोपड्या लागल्या. शेती आटली, शिकार वाढली आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले. पाऊसमान घटल्याने हे झाले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष होता. त्या अवर्षणाचे खापर माणसावर फोडता येत नाही.

पुढे १३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ आला. बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या चुन्याच्या लवणस्तंभांत चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या दुबळ्या मोसमी पावसाच्या खुणा मिळाल्या आहेत, म्हणजे लोकांच्या आठवणीला दगडानेही दुजोरा दिला. पंधराव्या शतकातल्याच दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी उघडली, असे परंपरा सांगते. दामाजींची कथा विठ्ठलाच्या चमत्कारासाठी सांगितली जाते. तिच्यात राज्यकारभाराचाही एक धडा आहे: पाऊस पडला नाही तरी कोठारात धान्य होते, प्रश्न ते कोणासाठी उघडायचे एवढाच होता.

१८७६ च्या दुष्काळात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा बादशहाच्या जागी इंग्रज सरकार होते. प्रशांत महासागरातल्या प्रचंड एल निनोने १८७७ पर्यंत पावसाची ओढ लांबवली, हे आज ठाऊक आहे. तो निसर्गाचा भाग झाला. पण सोलापूरला १८६० पासून रेल्वे होती आणि त्या दुष्काळातही देशातून धान्य परदेशी जातच होते. सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराची मजुरी दिवसाला जेमतेम पौंडभर धान्याभोवती आणून ठेवली. मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला जाब विचारला. देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली, असे अंदाज आहेत. इतक्या मृत्यूंना केवळ आभाळ जबाबदार धरणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय.

त्याच १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात गिरणी काढली, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली. तिच्या धुराड्याने शहराला भाकरी दिली, ओळखही दिली. जगभरच्या अशा असंख्य धुराड्यांनी मिळून जे केले ते कळायला शतक लागले. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर आहेत. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आज कोळशावर चालतो आणि त्याला पाणी उजनी धरणाचे लागते. आभाळाचे वागणे बदलण्यात माणसाचा हात असण्याची गोष्ट या भागात पूर्वी कधी घडली नव्हती.

जमिनीच्या बाबतीत सोलापूरने शहाणपण दाखवले होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. १९३३ मध्ये इथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी हस्ताच्या पावसाची ओल काळ्या रानात धरून थंडीभर वाढते, पाटाचे पाणी मागत नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि ऊस आला. त्याने पुष्कळ घरांत पैसा आणला, हे नाकारणे अन्याय ठरेल. पण पाऊस सर्वांत बेभरवशाचा असलेल्या मुलखात सर्वांत तहानलेले पीक वाढवत नेणे हा निसर्गाचा निर्णय नव्हता.

पाऊस वाढवता येतो का, हे तपासण्यासाठी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरवरच्या ढगांत विमानातून क्षाराचे कण सोडून पाहिले. ठरावीक क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्के वाढल्याचा अहवाल आला. मात्र त्यासाठी ढग मुळात असावे लागतात. कधी ते नको तितके येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, आणि ज्या रानांत रब्बीची ज्वारी पेरायची, त्यांपैकी पुष्कळांची माती वाहून गेली.