चपट्या डोक्याचे इंजिन : पाणी उपसणारे आणि ओझे ओढणारे



ओढ्याच्या काठावर नेऊन ठेवायचे, दोरी ओढून पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे, असे लहान इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी वापरले असेल. ज्यांनी त्याचे हेड उघडून पाहिले, त्यांना आत काहीच दिसले नसेल. नुसते झाकण आणि त्यात प्लग. कारण झडपा हेडमध्ये नाहीतच, त्या सिलिंडरच्या शेजारी, खाली बसवलेल्या असतात. हेच ते चपट्या डोक्याचे इंजिन. अशाच इंजिनावर अमेरिकेत ओझे ओढण्याच्या शर्यती होतात, हे सांगितले तर पटेल का?

आपल्या जिल्ह्यात इंजिन तसे उशिरा आले. लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. 1930 च्या दशकात साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिन घडले. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आपण मात्र सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि विहिरीवर मोटच चालत होती. 1972 च्या दुष्काळात विहिरींचे पाणी खोल गेले, आणि बैलांच्या जोरावर किती पाणी निघते ते सगळ्यांनी पाहिले. डिझेल इंजिन जड, त्याला सिमेंटचा पाया लागे. ज्याची जमीन थोडी आणि पाणी नाल्याचे, त्याला हातात उचलून नेता येणारे रॉकेलचे इंजिन बरे पडले. इंग्लंडच्या व्हिलियर्स कंपनीच्या घडणीची अशी इंजिने पुढे भारतातच बनू लागली.

घडण जुनीच. 1908 ची फोर्डची मॉडेल टी मोटार याच जातीच्या इंजिनावर चाले. सुटे भाग कमी, दुरुस्ती सोपी. पण एक खोट आहे. झडपा बाजूला असल्याने जळण्याची जागा आडवी पसरते, त्यामुळे दाब फार वाढवता येत नाही. डिझेल इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, इथे पाच-सहा पट. रॉकेलला तर त्याहूनही कमी लागतो, नाहीतर इंजिन ठोके देते. म्हणून रॉकेलच्या इंजिनाचा दाब मुद्दाम उतरवलेला असतो.

अमेरिकेत नेमके उलटे केले. तिथे ट्रॅक्टरने ओझे ओढण्याच्या शर्यती 1929 पासून आहेत. घसरगाडीवर वजनाची पेटी असते, गाडी पुढे जाईल तशी पेटीही पुढे सरकते आणि ओढ वाढत जाते. जो जास्त लांब ओढील तो जिंकला. नंतर बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांच्याही शर्यती सुरू झाल्या. त्यात कोहलर कंपनीची बिडाची, 10 ते 16 अश्वशक्तीची चपट्या डोक्याची इंजिने लोकांची आवडती. हेड घासून दाब वाढवायचा, झडपा मोठ्या करायच्या, झडपेपासून सिलिंडरपर्यंतची वाट कोरून मोकळी करायची, स्प्रिंगा कडक टाकायच्या आणि गव्हर्नर काढून टाकायचा. म्हणजे एकच इंजिन, आपल्याकडे दाब उतरवला, तिकडे चढवला!

आता आपल्याकडच्या हौशी पोरांनी इथे जरा थांबावे. चक्र दुप्पट वेगाने फिरले तर त्याला फाडणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. बिडाचे चक्र अशा वेळी बॉम्बसारखे फुटते. म्हणून तिथे शर्यतीच्या इंजिनाला पोलादी चक्र आणि भोवती जाड संरक्षक कवच घालतात. आपला मिस्त्री "गव्हर्नरची स्प्रिंग ताणून देतो, पळेल बघा" म्हणतो, तेव्हा चक्र मात्र जुने बिडाचेच असते आणि शेजारी माणूस उभा असतो. ते करू देऊ नका.

आणि ओढायला वेग लागतो, हे तरी कुठे खरे आहे? हिशेब करून बघा. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला किती किलोचा जोर बसतो, ते मोजू. राजकोटकडची लिस्टर घडणीची इंजिने मिनिटाला 650 फेरे घेतात आणि 6 अश्वशक्ती देतात. त्यांचा जोर साडेसहा किलोच्या वर जातो. 1500 फेऱ्यांच्या 5 अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाचा सुमारे 2.4 किलो. आणि 3000 फेऱ्यांच्या 3 अश्वशक्तीच्या छोट्या इंजिनाचा अवघा 0.7 किलो. अश्वशक्ती निम्मी, पण जोर नऊ पट कमी.

तो जोर दातेरी चाकांनी किंवा पुलीने वाढवायचा असतो. 1990 च्या दशकात सौराष्ट्रात अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी बुलेट मोटारसायकलला डिझेल इंजिन लावून मागे कोळपणी-पेरणीची औजारे जोडली, तेव्हा छोट्या इंजिनाला हात लावून जोर वाढवला नाही, गिअरचा उपयोग केला.

तुम्हाला घरचे औजार चालवायचे असेल तर इंजिनाला 3 इंची आणि औजाराला 12 इंची पुली लावा. फेरे 3000 चे 750 होतील, जोर 0.7 चा जवळपास 2.8. पट्ट्यात थोडा वाया जाईल तो वेगळा. पट्ट्यावर पत्र्याचे झाकण हवेच, धोतराचा सोगा आणि लुगड्याचा पदर तिथेच अडकतो. रॉकेलचे इंजिन असेल तर बंद करण्याआधी दोन मिनिटे पेट्रोलवर घ्या, म्हणजे सकाळी दोरी ओढून हात दुखणार नाहीत. आणि रॉकेल खाली उतरून ऑइल पातळ करते, तेव्हा ते पेट्रोलच्या इंजिनापेक्षा लवकर बदला.